उजवीकडे वळणारं हँडल

तिसऱ्या फाट्यावर बेकरीवाल्याने सवयीने हँडल उजवीकडे वळवलं आणि पिवळी पट्टी दिसताच करकचून ब्रेक दाबला. आधीच्या दोन फाट्यांसारखीच इथेही डावीकडच्या खांबाला, सीटवर बसल्या बसल्या हात पोचेल एवढ्या उंचीवर, मेणकापडाची पट्टी घट्ट बांधलेली होती.

"कोण असशील तो, भलं होवो तुझं," असं म्हणून तो डावीकडे वळला.

लेकीने अटच तशी घातली होती. "नदीकाठाने एकट्याने बंधाऱ्यापर्यंत या. न चुकता पोचलात तर घर तुमचं, सायकल तुमची. नाहीतर मुकाट्याने माझ्याकडे राहायला यायचं, बाबा."

त्याचा सारा जन्म भट्टीसमोर गेलेला. बेकरीबाहेर पडला की दिशा हरवायची. ही वाट त्याने कितीदा केली होती, पण बायको पुढे आणि हा तिच्या मागे. "तुमचं हँडल उजवीकडेच वळतं. फाटा दिसला की चुकलात!" ती हसायची. मात्र शेवटच्या आजारपणात ती एकटीच सायकल काढून जायची. तो सोबत निघाला की म्हणायची, "तुम्ही नका येऊ. मला जरा एकटीला फिरू द्या." तेवढं एक त्याच्या मनाला लागून राहिलं होतं.

पुढच्या गावात पिठाच्या गिरणीपाशी त्याने पाणी मागितलं. गिरणीवाल्या मावशींनी पाणी दिलं, चाकात हवाही भरून दिली. त्याने पिशवीतला ताजा पाव त्यांच्या हातावर ठेवला.

"या पट्ट्या पंचायतीने बांधल्यात का हो?"

"पंचायत? अहो, ती साधा दिवा बदलत नाही!" मावशी पीठ झटकत म्हणाल्या. "आणि त्या मागच्या फाट्यावर पट्टी कशाला? उजवीकडे तर उकिरडा आहे. तिकडे कोण शहाणा वळतो?"

बेकरीवाल्याने मान खाली घालून सायकलवर टांग मारली.

नदी ओलांडताना पाऊस भुरभुरू लागला. नावाड्याने सायकल नावेत आडवी घातली आणि एक पोतं त्याच्या अंगावर टाकलं. "रेनकोट नाही आणला?"

"माझा फाटला. बायकोचा घालावा म्हटलं, तर कपाटातून गायब. दिला असेल तिने कुणाला. देण्यात हात सैल होता तिचा." तो स्वतःशीच हसला. "त्याचं बटण तुटलं तेव्हा मी लाल दोऱ्याने शिवून दिलं होतं. म्हणाली, तुम्ही आपले पावच भाजा."

नावाडी खो खो हसला. पाव घेतला, पैसे घेतले नाहीत. "पलीकडे चिंचोळी पायवाट आहे. नाकासमोर जा. पोरंसोरंही चुकत नाहीत."

पलीकडे पायवाटेला आणखी एक वाट फुटत होती, उजवीकडे. तिथेही पट्टी होती. बेकरीवाल्याने तिला हात लावून नमस्कार केला. पिशवीत एकच पाव उरला होता. तो त्याने पट्ट्या बांधणाऱ्यासाठी राखून ठेवला. भेटला तर त्याला सांगायचं होतं, तुझ्यामुळे माझं घर राहिलं.

बंधारा दिसला. त्याच्या भिंतीवर लेक उभी होती. ती दोन्ही हात हलवत ओरडली, "बाबा! एकदासुद्धा चुकला नाहीत?"

"लोक फार चांगले आहेत गं!" तो खालूनच ओरडला. "एकाला तर मी पाहिलंसुद्धा नाही!"

शेवटचा फाटा तेवढा राहिला होता. इथली पट्टी इतरांपेक्षा रुंद होती आणि वाऱ्याने खांबाला टकटक वाजत होती. आठवण म्हणून हीच न्यावी, असं म्हणत त्याने सायकल टेकवली आणि गाठ सोडायला पट्टीचं टोक हातात घेतलं.

टोकाला एक काळं बटण होतं, लाल दोऱ्याने वेडंवाकडं शिवलेलं.