साहेबाचा दाखला

भिंगारजवळच्या छावणीत रंगनाथ पाच वर्षं एका गोऱ्या मेजरसाहेबाचा खानसामा होता. गाईचं मांस व्हिनेगर, मिरी आणि लसणात रात्रभर मुरवायचं, निखाऱ्यावर भाजायचं आणि तांबड्या वाइनसोबत टेबलावर मांडायचं, हे त्याचं रोजचं काम. पोटासाठी तो ते करायचा, पण त्यातला एक घास त्याने कधी तोंडात घातला नाही. गावी मात्र त्याने सांगितलं होतं, "बंगल्यावर माळी हाय."

सत्तेचाळीस साली साहेब विलायतेला निघाला. जाताना त्याने रंगनाथचे हात हातात घेतले आणि इंग्रजीत एक दाखला लिहून दिला. रंगनाथला वाचता येत नव्हतं. साहेबाचे डोळे भरून आलेत, एवढंच त्याला दिसलं.

महिन्याभराने त्याच्या लेकीला, छबूला, बघायला कोल्हारचे पाहुणे आले. मुलाचे वडील इंग्रजी शाळेत मास्तर होते. मुलगी सगळ्यांना पसंत पडली. आता सुपारी फोडायची, एवढ्यात आनंदाच्या भरात रंगनाथने तो दाखला आणून मास्तरांपुढे धरला.

"वाचा की मोठ्यानं. आमच्या मंडळीलाबी कळू द्या, साहेब काय म्हनला त्ये."

मास्तरांनी तो मनातल्या मनात दोनदा वाचला. घडी घालून परत दिला आणि टोपी डोक्यावर ठेवली.


"साहेबानं तुमच्या हाताच्या चवीचं फार कौतुक केलंय," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन त्यांनी बैलगाडी जुंपायला सांगितली.