ठिपक्यांची रोपं

“ठिपकेवाली समदी उपटून जाळली, मॅडम,” हरितगृहाचे माळी कोंडिबामामा अभिमानाने म्हणाले, आणि मी धावत कुंड्यांपाशी गेले.

रजेवर जाण्याआधी मीच या गव्हावर चाचणीसाठी तांबेऱ्याची बुरशी सोडली होती. सहा वर्षं धडपडून काही रोपांत आम्ही एक नियंत्रक प्रथिन आणलं होतं. बुरशी शिरली, की ते भोवतीच्या पेशींना मरायचा हुकूम देतं. मेलेल्या पेशींत बुरशी उपाशी मरते आणि पानावर नुसता ठिपका उरतो. ठिपकेवालीच तर वाचणारी होती! समोर उरलेली हिरवीगार रोपं आठवड्यात तांबेऱ्याने माखणार होती.

“तुमीच सांगितलं व्हतं, ठिपका दिसला की रोप ठेवायचं न्हाई.”

खरं होतं. गेल्या वर्षी करपा आला तेव्हा सांगितलं होतं. यंदा तसं करू नका, हे सांगायचं राहिलं.

माझा चेहरा पाहून मामा बादलीमागे वाकले आणि एक कुंडी घेऊन आले. रोपाचं पान न् पान ठिपक्यांनी भरलेलं. “ह्येला ओंबी धरली व्हती. उपटाया हातच धजंना.”

मी वाकून ओंबीतले दाणे मोजू लागले, पुन्हा पेरायला तेवढंच बियाणं उरलं होतं; मोजून होईपर्यंत मामांनी कुंडी सोडलीच नाही.