झाकणाआडची देवयानी

“दुर्बीण लहान घ्या मावशी, पैसे वाचतील. उरलेलं कॅमेरा भरून काढतो,” दुकानदार शहाडे म्हणाला. पैसे वाचवून देणारा दुकानदार भेटला की सरोजिनीबाई सावध होत.

आकाशप्रेमी मंडळाच्या दुर्बिणीला डोळा लावला की त्यांना देवयानी दीर्घिकेजवळ एक नवा ठिपका दिसत होता. पण हल्लीचे शहाणे कॅमेरे माहितीतल्या ताऱ्यांच्या यादीत नसलेलं सगळं फोटोतून पुसून टाकत, आणि मंडळी त्यांनाच चष्मा बदलायला सांगत. त्यांनी हे आल्याआल्या सांगितलं, तरी शहाडे आपलंच घोडं दामटत होता.

भर दुपारी दुकानातच त्याने दुर्बिणीला जोडलेल्या शहाण्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडद्यावर देवयानी नवरीसारखी नटून उभी राहिली.

“अहो, झाकण काढायचं राहिलंय!”

शहाडे ओशाळला, पण क्षणभरच. “बघा, म्हणजे ढगाळ हवेतही अडत नाही!”

“मग दुर्बीण तरी कशाला विकता?” म्हणत त्यांनी कपाटातल्या जुन्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

“त्याला अक्कल नाही, मावशी. आत येईल तेवढाच उजेड दाखवतो. शिवाय आता मिळत नाहीत, म्हणून महाग. तो घेतलात तर तुमच्या बजेटात खेळण्याएवढीच दुर्बीण बसेल. तुमचा ठिपका कदाचित येणारही नाही.”

एवढं मात्र तो खरं बोलत होता, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

“नाही आला, तर नाही म्हणून तरी सांगेल,” त्या म्हणाल्या. “तोच बांधा.”