दोघींपैकी लेक कोणती?

अपघातात डोक्याला मार बसल्यापासून शिंपीणबाईंना चेहरे ओळखता येत नव्हते. माणसं त्या खांद्यांवरून, चालीवरून, आवाजावरून ओळखत. त्यांच्या जावयाला दुकानाच्या दारातच एकाने भोसकून मारलं आणि ते पाहणाऱ्या त्या एकट्याच. कोर्टात त्यांनी आरोपीकडे बोट दाखवलं. “हाच तो! डावा खांदा दोन बोटं उतरलाय. याचे शर्ट मीच शिवलेत.” आरोपीच्या वकिलाने सारख्याच शाली गुंडाळलेल्या दोन मुली समोर उभ्या केल्या. “बोलायचं नाही हं कुणी. बाई, यातली तुमची लेक कोणती?” शालीत खांदे दिसेनात. लेक श्वास रोखून उभी होती. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि भलतीचाच हात धरला. आरोपी सुटला. बाहेरच्या गर्दीत बाई जिन्यापाशी थांबल्या, लेक येऊन “आई” म्हणेल या आशेने. लेक मात्र त्यांच्या अगदी जवळून गेली, चकार शब्दही न बोलता.