मधे थांबणारं विमान

“थेट विमान आहे, काका. तेरा हजार किलोमीटर, पंधरा तास वीस मिनिटं. इथे बसलात की तिथेच उतरायचं.” तिकिटांच्या ऑफिसातल्या बाईंनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला.

लाँड्रीवाल्यानं तिकडे पाहिलंच नाही. “मधे थांबणारं बघा. गेल्या वेळी नऊ तास थांबलं होतं, ते.”

“अहो, त्या नऊ तासांवरून लोक भांडतात माझ्याशी!”

टेबलावरच्या फोनमधून लेक ओरडली, “बाबा, हट्ट करू नका हं. तुमचं वय काय, तुमचे गुडघे काय! नऊ तास खुर्चीत बसून आखडून जाल.”

“बेचाळीस वर्षं इस्त्रीपुढे उभा राहिलो तेव्हा नाही आखडलो. बसून कसला आखडतोय?”

चार वर्षांपूर्वी लेकीकडे जाताना बायको बरोबर होती; आता ती राहिली नव्हती. दोघांनी मिळून दुकान चालवलं. तो इस्त्री करायचा, ती कपड्यांना चिठ्ठ्या लावायची, घड्या घालायची. बोलणं व्हायचं ते एवढंच, की कोट झाला का, बटण तुटलंय, पोरीला ताप आहे. त्या मधल्या विमानतळावर मात्र हाताला कामच नव्हतं. पहिला तासभर दोघं अवघडून बसले, नुकतीच ओळख झाल्यासारखे. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चुरगळलेले कपडे बघून ती म्हणाली, “हा किती लांबून आलाय, सांगा बघू.” त्याचं एकही उत्तर बरोबर येईना. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे ती लहानपणचं सांगत बसली. नदी पोहून पलीकडे जायची म्हणे, आणि आई हाका मारायला लागली की तशीच पोहत परत यायची. बायकोला पोहता येतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

विमानात बसायला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली होती, “एवढ्यात?”

“वेळापत्रक बदललंय, काका,” ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. “आता मधे दीडच तास. उतरायचं आणि लगेच पुढचं विमान.”

त्याचा चेहरा पडला. “दीड तासात काय होतं?” तो पुटपुटला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, “त्याच्या नंतरचं बघा ना.”

बाईंनी बराच वेळ शोधलं. “संध्याकाळचं आहे. पण मग अकरा तास बसावं लागेल.”

“ते द्या.”

“अहो, अकरा तास! सगळा प्रवास सत्तावीस तासांवर जाईल.”

“द्या हो.”

त्यानं टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला. “ऐकलंस ना?”

“ऐकलं,” लेक म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला होता. “बरं बाबा, तसं करा. पण एकटे नका बसू. मीच येते तिथपर्यंत. दोघं गप्पा मारत बसू.”

“नको गं बाळा,” तो म्हणाला. “तू आलीस की घरच्या गोष्टी निघतील. तुझ्या आईनं तिथे घरचं काहीच काढलं नव्हतं.”