खुर्ची क्रमांक अकरा

"खुर्ची क्रमांक सात," अध्यक्षबाईंनी पुकारलं.

सातव्या खुर्चीतला माणूस उठला. "नव्या भट्टीला आमचा पाठिंबा आहे," एवढं म्हणाला आणि बसला. आधीच्या सहा खुर्च्याही हेच बोलल्या होत्या. तेच शब्द, तोच सूर, मध्ये श्वास घ्यायची जागासुद्धा तीच.

वहिनी मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे कपडे त्यांच्या मशीनवर शिवले जायचे, म्हणून लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणत. आज आख्खी गल्ली त्यांच्यासोबत भिंतीला लागून उभी होती. सभागृहात खुर्च्या भरपूर होत्या, रिकामी एक नव्हती. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कारखान्याने उजाडताच आपले कामगार ट्रकने आणून बसवले होते. त्यांची आजची हजेरी खुर्चीतच लागणार होती.

कारखान्याची भट्टी गल्लीच्या पाठीला होती. तिच्या शेजारी मालकाला आता दुसरी हवी होती, आणि परवानगीआधी लोकांचं म्हणणं ऐकणं कायद्याने भाग होतं. वहिनींचं म्हणणं एवढंच होतं की त्यांच्या धाकट्या लेकीच्या रक्तात शिसं निघालंय. घडाघड पाढे म्हणणारी पोर आता तिनाच्या पाढ्याला अडखळायची आणि आईच्या तोंडाकडे बघत बसायची. "औषध देतो," डॉक्टर म्हणाले होते, "पण येतंय कुठून ते आधी बंद करा."

ते सांगायला त्या आल्या होत्या, आणि दारातच अडल्या होत्या. "नंबर माणसांना द्या," त्या म्हणाल्या होत्या. "आम्हीही बोलायलाच आलोय." सभागृहाची सगळी व्यवस्था कारखान्याची. खुर्च्यांच्या पाठीवर खडूने आकडे मॅनेजरनेच घालून घेतले होते. तो हसला होता. "बाई, नंबर खुर्चीला आहे, माणसाला नाही. खुर्ची मिळाली तर बोला की." अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि तोच नियम म्हणून जाहीर केला.

वहिनींच्या अंगाची लाही लाही होत होती. पण मालक दिसत नव्हता, मॅनेजर लांब होता. मग तो सगळा राग समोरच्या एका मानेवर जाऊन बसला होता. मधल्या वाटेच्या कडेला, अकराव्या खुर्चीत, त्यांचे सख्खे दीर बसले होते.

दीर भट्टीवर कामाला. घर एक, स्वयंपाक एक. फक्त त्यांचे कामाचे कपडे वहिनी वेगळ्या बादलीत भिजवायच्या, आणि लेकीला त्या बादलीजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. काल जेवताना दिरांनी विचारलं होतं, "वहिनी, उद्या येणार आहात ना?"

"येणार. तुम्हीही असालच, मालकाच्या मांडीवर."

दिरांनी मान वर न करता ताट संपवलं होतं.

मघाशी ते पाणी प्यायला उठले, तेव्हा वहिनी दोन पावलं पुढे सरकल्या. तर खुर्चीवर रुमाल. वहिनींनीच काठ शिवून दिलेला.

"बघा," त्या शेजारणीला म्हणाल्या, "वाडवडलांची जहागीर असल्यासारखी जागा धरलीय."

"अहो, हळू. ऐकतील ते."

"ऐकू दे. कान तरी अजून विकले नसतील."

दीर परत येऊन बसले होते. त्यांचे कान लाल झालेले मागूनही दिसत होते. पण वळून बघितलं नाही.

आठवी खुर्ची झाली, नववी झाली. दहाव्या खुर्चीतला माणूस "नव्या भट्टीला आमचा" इथेच अडकला, तेव्हा मॅनेजरने पुढचं सांगितलं. दोघंतिघं हसले. तिनाच्या पाढ्याला अडकणाऱ्या पोरीची आई हसली नाही.

"खुर्ची क्रमांक अकरा."

दीर उठले. वहिनींनी दात आवळले. हे वाक्य या तोंडून आलं की आज संध्याकाळी घरात भिंत घालायची, त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

पण दीर खुर्ची सोडून मधल्या वाटेत उभे राहिले. खिशातून रुमाल काढला, बसायची जागा पुसली आणि मागे वळले.

"वहिनी, या. बसा. सकाळपासून धरून ठेवलीय."

वहिनींना क्षणभर कळेचना. मग कळलं. पुकारा व्हायच्या आधी त्यांनी जागा दिली असती, तर मॅनेजरने तिथे दुसरा बसवला असता.

त्या पुढे आल्या. दिरांकडे बघायचं त्यांचं धाडस झालं नाही. बसल्या, आणि लगेच उठल्या, कारण बोलायचं होतं. राग तसाच होता, कणभरही उतरला नव्हता. आता त्याला फक्त योग्य माणूस सापडला होता. त्या मॅनेजरकडे बघत होत्या.

मॅनेजर झटक्यात उभा राहिला. "मॅडम, हे चालणार नाही. माणूस बदललाय." मग दिरांच्या जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "उद्यापासून गेटवर दिसायचं नाही."

"वहिनींची एक बादली वाचली," दीर म्हणाले आणि रुमालाची घडी घालू लागले.

बाराव्या खुर्चीतला म्हातारा कामगारही उठून उभा राहिला होता. पुकारा झाला नव्हता, तरी मागच्या भिंतीकडे बघून तो कुणाला तरी हाताने बोलावत होता. त्याच्या मागे आणखी खुर्च्या करकरल्या.

अध्यक्षबाईंनी मॅनेजरकडे बघितलं. घड्याळाकडे या खेपेला बघितलं नाही.

"नंबर खुर्चीला आहे, माणसाला नाही," त्या म्हणाल्या. "बोला, खुर्ची क्रमांक अकरा."