कानावर पडायच्या आत

फोन पुन्हा वाजला. समिधा एवढ्या जोरात ओरडली, की चेक-इन काउंटरवरची मुलगी दचकली.

“हात लावू नका! उचलला तर पाहा मग!”

सुमेधने हात लावला नाही. नुसता पाहत राहिला. स्क्रीनवर ‘योगेश पनागर’ असं आलं होतं. योगेश म्हणजे त्याचा चुलतभाऊ, पनागरच्या बाबारावकाकांचा मुलगा. काका दिवाळीपासून अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. अशा घरातून सकाळपासून फोनवर फोन येतात ते हालहवाल विचारायला नसतात, हे खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमधल्या मांजरालाही कळलं असतं.

फोन उचलला की बातमी. बातमी कळली की सूतक. आणि सूतक लागलं की बाली गेलं. डुमना विमानतळावरून दिल्ली, दिल्लीहून क्वालालंपूर, तिथून बाली. तिन्ही विमानं एकाच दोरीला बांधलेली. पहिलं चुकलं की तिन्ही चुकली.

“तुमच्या घरचे लोक,” समिधा दात आवळून म्हणाली, “तिकीट काढल्याशिवाय मरत काहून नाहीत?”

नैनितालचं तिकीट काढलं तेव्हा मोठी काकू गेली. केरळचं काढलं तेव्हा नागपूरचे आजोबा गेले. ते तर आजारीसुद्धा नव्हते. त्यांना तिकिटाचं कोणीतरी मुद्दाम कळवलं असावं, असं समिधाचं अजूनही मत होतं.

म्हणून या खेपेला तिने आधीच ग्वारीघाटच्या पंडितजींना गाठलं. पंडितजी म्हणाले, “देखिए बहनजी, जब तक कान में नहीं पड़ा, तब तक सूतक नहीं।” तेव्हापासून घरातले सगळे कान समिधाच्या ताब्यात होते. शेजाऱ्यांशी बोलणं बंद. सकाळी दूधवाला “दीदी, एक बात बतानी थी” म्हणाला, तर तिने त्याच्या तोंडावर दार आपटलं. त्याला सुट्टी हवी होती.

“पापा, फोन बंद ही कर दो ना,” लेक रोशनी वैतागली.

“तिकिटं त्यातच आहेत.”

“तो आवाज बंद करो।”

“नाही,” सुमेध एकदम चिडून म्हणाला. “आवाज बंद केला म्हणजे काका गेले हे मानल्यासारखं होईल.” फॅक्टरीतल्या नोकरीच्या परीक्षेला काकांनी त्याला पनागरहून सायकलवर डबल सीट आणलं होतं. तेवढा मान त्याला ठेवायचा होता. फोन उचलून मात्र नाही.

तेवढ्यात काचेच्या दारातून योगेश आत आला.

“बापरे,” समिधा म्हणाली, “उचलत नाही म्हणून स्वतःच सांगायला आला!” तिने रोशनीला ओढलं आणि खांबामागे नेलं. सुमेध बॅगेमागे बसला. बॅग लहान होती, सुमेध नव्हता. योगेशने त्याला पाहिलं.

आणि योगेश पळाला. ट्रॉल्यांच्या रांगेमागे जाऊन वाकला. त्याच्या अंगात फुलाफुलांचा शर्ट होता, गळ्यात नवीन उशी होती.

“दादा, काही सांगू नको!” तो दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडला. “पाया पडतो तुझ्या, एक शब्द बोलू नको!”

“तूच बोलू नका, भाऊजी!” समिधाने आपले कान झाकले. रागाच्या भरात तिचं तू आणि तुम्ही एकत्र झालं.

“मी काय बोलू, वहिनी? मला काहीच माहीत नाही! व्हिएतनामला जाऊन राहिलो. रात्री दिल्लीहून पुढचं विमान आहे.”

“आणि काका?” सुमेध उभा राहिला.

“निघालो तेव्हा होते. बाई ठेवली सोबतीला. पंडितजी म्हणाले, कान में नहीं पड़ा तो…”

“ग्वारीघाटचे?”

“तेच.”

सुमेधच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “लाज वाटते का? बाप आहे तुझा!”

“तुझाही काका आहे. तू इथे काय आरती करून राहिला?”

“आम्ही पुतणे आहोत,” समिधा कान झाकूनच म्हणाली. “आमचं चालतं.”

फोन वाजला.

सुमेधने स्क्रीन पाहिली. ‘योगेश पनागर.’ मग त्याने समोरच्या योगेशकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात कानांवर होते. दोन्ही रिकामे.

“तुझा फोन कुठे आहे?”

“घरी ठेवून आलो. बाबांच्या उशाशी. फोनच नसला तर कळवतो कोण?”

फोन वाजत राहिला. या वेळी समिधाने कानांवरचे हात काढले. सुमेधने फोन उचलला. पलीकडे गाड्यांचे हॉर्न होते, आणि धाप लागलेला एक संतापलेला आवाज.

“सुमेध? अरे, मेला की काय तू? सकाळपासून लावून राहिलो! योगेश व्हिएतनामले चालला अन् फोन घरीच विसरला, येडपट! म्हटलं तू खमरियात, तुले डुमना जवळ, तू नेऊन देशील. तू उचलत नाही, मग मीच ऑटो केला. आता गेटपाशी आलो तर हे जवान आत सोडून नाही राहिले. तू फॅक्टरीवाला ना? बोल जरा यांच्याशी.”

“काका… अशा तब्येतीत तुम्ही कशाला आलात?”

“कशाला म्हणजे?” बाबाराव गरजले. “पोरगा परदेशात चालला. उद्या मले काही झालं, तर त्याले कळवायचं कसं?”